डेस्कटॉप प्रोसेसरची निवड आणि खरेदीची वेळ

डेस्कटॉप प्रोसेसरची निवड म्हणजे वैयक्तिक संगणकावर करावयाचे काम, उपलब्ध रक्कम आणि संगणकाचा अपेक्षित वापरकाळ यांचा मेळ घालून योग्य प्रोसेसर ठरवण्याची प्रक्रिया होय. प्रोसेसर हा संगणकातील गणन व नियंत्रण करणारा मुख्य घटक असला, तरी तो एकटा विकत घेऊन वापरता येत नाही. प्रत्येक प्रोसेसर मदरबोर्डवरील ठरावीक सॉकेटमध्येच बसतो, ठरावीक प्रकारचीच रॅम स्वीकारतो आणि त्याला पुरेसा वीजपुरवठा व थंडावा लागतो. त्यामुळे प्रोसेसर निवडणे म्हणजे व्यवहारात संपूर्ण संचाचा पाया निवडणे ठरते.

डेस्कटॉप संगणकांच्या बाजारात इंटेल आणि एएमडी या दोन अमेरिकी कंपन्यांचे प्रोसेसर प्रामुख्याने वापरले जातात. दोन्ही कंपन्या साधारणतः एक ते दोन वर्षांच्या अंतराने नवी पिढी बाजारात आणतात. म्हणून 'कोणता प्रोसेसर घ्यावा' या प्रश्नाला 'केव्हा घ्यावा' हा प्रश्न नेहमीच जोडलेला असतो. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर केवळ किमतीवर अवलंबून नसून सॉकेटचे उरलेले आयुष्य, नव्या उत्पादनातील दोषांची शक्यता आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा पाठिंबा यांवरही अवलंबून असते.

== पार्श्वभूमी ==

इंटेलचे सहसंस्थापक गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये एका लेखात असे निरीक्षण मांडले, की एका चिपवर मावणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत आहे. १९७५ मध्ये त्यांनी हा कालावधी दोन वर्षांचा केला. हे निरीक्षण मूरचा नियम म्हणून ओळखले जाते. हा नियम घटकांच्या संख्येविषयी आहे, वेगाविषयी नाही. तरीही कित्येक वर्षे संख्या आणि वेग या दोन्ही गोष्टी बरोबरीने वाढत गेल्या.

मार्च १९९३ मध्ये आलेल्या पहिल्या पेंटियम प्रोसेसरची घड्याळगती ६० व ६६ मेगाहर्ट्झ होती. मार्च २००० मध्ये एएमडी आणि इंटेल या दोघांनीही काही दिवसांच्या अंतराने १ गिगाहर्ट्झचा टप्पा गाठला. म्हणजे सात वर्षांत गती सुमारे १५ पट झाली. त्या काळात वर्षभर थांबणाऱ्याला तेवढ्याच पैशांत बराच वेगवान संगणक मिळत असे आणि विकत घेतलेला संगणकही तितक्याच लवकर जुना होत असे.

पुढे वाढत्या उष्णतेमुळे घड्याळगती वाढवणे अवघड झाले. ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ची योजना रद्द केली. त्यानंतर एकाच चिपवर अनेक कोअर बसवण्याचा मार्ग स्वीकारला गेला. इंटेलच्या सर्वसाधारण डेस्कटॉप मालिकेत २००७ पासून २०१७ पर्यंत वरच्या श्रेणीतील प्रोसेसरमध्येही चारच कोअर होते. या काळात पिढ्यांमधील फरक तुलनेने कमी राहिला आणि केवळ वेगासाठी थांबण्याचा लाभही घटला.

२ मार्च २०१७ रोजी एएमडीने रायझन मालिका बाजारात आणली. त्यातील आठ कोअरच्या रायझन ७ १७०० या प्रोसेसरची अमेरिकेतील किंमत ३२९ डॉलर होती. इंटेलच्या आठ कोअरच्या कोअर आय७-६९००केची किंमत तेव्हा एक हजार डॉलरहून अधिक होती. स्पर्धा पुन्हा सुरू झाल्याने कोअरची संख्या वाढू लागली आणि खरेदीच्या वेळेचा प्रश्न नव्याने महत्त्वाचा ठरला.

== निवडीचे निकष ==

=== कामाचे स्वरूप ===

पत्रव्यवहार, मराठी टंकलेखन, हिशेब, इंटरनेट आणि चित्रफिती पाहणे यांसाठी कमी किमतीचे चार किंवा सहा कोअरचे प्रोसेसर पुरेसे असतात. अशा संगणकात अधिक महाग प्रोसेसर बसवण्यापेक्षा पुरेशी रॅम आणि हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घेतल्यास वापरकर्त्याला जाणवणारा फरक सहसा मोठा असतो. चित्रफितींचे संपादन, त्रिमितीय चित्रण आणि मोठ्या संगणकप्रणालींचे संकलन या कामांना अधिक कोअरचा उपयोग होतो. खेळांच्या बाबतीत बहुधा ग्राफिक्स कार्डची क्षमता आधी संपते. त्यामुळे प्रोसेसरवर जास्त रक्कम खर्च करून ग्राफिक्स कार्ड साधे घेतल्यास संचाचा तोल बिघडतो.

=== कोअर आणि थ्रेड ===

कोअरची संख्या दुप्पट केल्याने काम निम्म्या वेळेत होतेच असे नाही. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या आणि त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार, कामाचा जो भाग क्रमानेच करावा लागतो तो एकूण वेगवाढीवर मर्यादा घालतो. समजा एखाद्या कामाचा ८० टक्के भाग अनेक कोअरवर वाटता येतो आणि २० टक्के भाग एकाच कोअरवर करावा लागतो. अशा कामाला आठ कोअरवर एका कोअरच्या तुलनेत सुमारे ३.३ पट वेग मिळतो. सोळा कोअरवर तो ४ पट होतो आणि कोअर कितीही वाढवले तरी ५ पटीपलीकडे जात नाही. आठवरून सोळा कोअरवर जाण्यासाठी मोजलेली जादा किंमत म्हणूनच प्रत्येक वापरकर्त्याला परत मिळत नाही.

=== कॅश ===

कॅश म्हणजे प्रोसेसरच्या आतील अतिशय जलद स्मृती होय. वारंवार लागणारी माहिती तेथे ठेवल्यास रॅमपर्यंतच्या फेऱ्या वाचतात. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डी या प्रोसेसरमध्ये चिपवर कॅशचा आणखी एक थर रचून तिसऱ्या पातळीची कॅश ९६ मेगाबाइट करण्यात आली. त्याची घड्याळगती आधीच्या ५८००एक्सपेक्षा कमी असूनही अनेक खेळांत तो अधिक वेगवान ठरला. केवळ गिगाहर्ट्झचे आकडे पाहून तुलना करणे किती अपुरे असते, हे या उदाहरणावरून दिसते.

=== अंतर्भूत ग्राफिक्स व नावातील अक्षरे ===

काही प्रोसेसरमध्ये चित्र दाखवणारा ग्राफिक्स विभाग अंतर्भूत असतो, काहींत नसतो. ग्राफिक्स कार्ड न बसवता संगणक चालवायचा असल्यास ही बाब निर्णायक असते. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी येणाऱ्या अक्षरांवरून त्याची कल्पना येते.

* एफ: अंतर्भूत ग्राफिक्स नाही. संगणकाला स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागते.
* के: इंटेलच्या प्रोसेसरमध्ये घड्याळगती वाढवण्याची मुभा. या प्रोसेसरसोबत सहसा कूलर मिळत नाही.
* जी: एएमडीच्या प्रोसेसरमध्ये तुलनेने सक्षम अंतर्भूत ग्राफिक्स.
* एक्स३डी: एएमडीच्या प्रोसेसरमध्ये अतिरिक्त थराची कॅश.

=== वीज आणि उष्णता ===

खोक्यावर छापलेला वॅटचा आकडा हा प्रोसेसरचा कमाल वीजवापर असतोच असे नाही. इंटेलच्या कोअर आय९-१२९००के या प्रोसेसरची मूळ शक्ती १२५ वॅट, तर कमाल शक्ती २४१ वॅट नोंदवलेली आहे. मदरबोर्ड, एसएमपीएस आणि कूलर निवडताना हा दुसरा आकडा विचारात घ्यावा लागतो. १०० वॅट जादा वीज रोज आठ तास वापरली गेल्यास ३० दिवसांत २४ युनिटची भर पडते.

कूलर प्रोसेसरची उष्णता खोलीतील हवेत सोडतो. त्यामुळे हवा जितकी गरम, तितका प्रोसेसर गरम राहतो. २५ अंश सेल्सिअसच्या खोलीत ७५ अंशांवर स्थिर राहणारा प्रोसेसर त्याच कामासाठी ४० अंशांच्या खोलीत सुमारे ९० अंशांपर्यंत जातो. विदर्भासारख्या प्रदेशातील उन्हाळ्यात वातानुकूलन नसलेल्या खोलीसाठी म्हणूनच कमी वीज घेणारा प्रोसेसर किंवा मोठा कूलर उपयुक्त ठरतो. ठरावीक तापमानापलीकडे प्रोसेसर आपली गती स्वतःच कमी करतो आणि महाग प्रोसेसरचा लाभ तेथे संपतो.

== सॉकेटचे आयुष्य ==

खरेदीनंतर काही वर्षांनी केवळ प्रोसेसर बदलून संगणक अद्ययावत करता येईल की नाही, हे सॉकेटवर ठरते. याबाबतीत दोन्ही कंपन्यांच्या धोरणांत फरक दिसून आला आहे.

इंटेलने २००९ मध्ये एलजीए ११५६, २०११ मध्ये एलजीए ११५५, २०१३ मध्ये एलजीए ११५०, २०१५ मध्ये एलजीए ११५१, २०२० मध्ये एलजीए १२००, २०२१ मध्ये एलजीए १७०० आणि २०२४ मध्ये एलजीए १८५१ हे सॉकेट आणले. एलजीए ११५१च्या बाबतीत नाव तेच राहूनही मेळ तुटला. ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या आठव्या पिढीचे प्रोसेसर त्याच नावाच्या सॉकेटमध्ये बसत असले, तरी ते आधीच्या १०० व २०० मालिकेच्या मदरबोर्डवर चालत नव्हते. त्यांना ३०० मालिकेचा मदरबोर्ड आवश्यक होता.

एएमडीचा १३३१ पिनांचा एएम४ सॉकेट २०१६ मध्ये आला आणि २०१७ मधील पहिल्या रायझनपासून २०२० मधील रायझन ५००० मालिकेपर्यंत तोच राहिला. मात्र हा प्रवास सुरळीत नव्हता. मदरबोर्डवरील बायोस ज्या चिपमध्ये साठवले जाते, तिची क्षमता अनेक मदरबोर्डांवर १६ मेगाबाइटच होती आणि सर्व पिढ्यांच्या प्रोसेसरची माहिती तिच्यात मावणे कठीण झाले. मे २०२० मध्ये एएमडीने ४०० मालिकेच्या मदरबोर्डांवर पुढील पिढीचे प्रोसेसर चालणार नाहीत असे जाहीर केले. पुढे प्रोसेसर बदलता येईल या भरवशावर ज्यांनी हे मदरबोर्ड घेतले होते, त्यांच्याकडून तीव्र नाराजी व्यक्त झाली आणि त्याच महिन्यात कंपनीने निर्णय फिरवला. २०२२ मध्ये ३०० मालिकेच्या मदरबोर्डांसाठीही पाठिंबा जाहीर झाला. बायोसची नवी आवृत्ती मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीने उपलब्ध करून दिली असल्यास २०१७ मधील मदरबोर्डवर २०२२ मधील ५८००एक्स३डी बसवणे त्यामुळे शक्य झाले.

सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटवर केवळ डीडीआर५ प्रकारची रॅम चालते. या सॉकेटला किमान २०२७ पर्यंत पाठिंबा देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे.

सॉकेटच्या आयुष्याचा आर्थिक परिणाम एका काल्पनिक उदाहरणावरून समजतो. ४०,००० रुपयांचा संगणक पाच वर्षे वापरून टाकून दिल्यास वर्षाला ८,००० रुपये खर्च येतो. त्याच संगणकात चौथ्या वर्षी १२,००० रुपयांचा नवा प्रोसेसर बसवून तो एकूण आठ वर्षे वापरल्यास वर्षाचा खर्च ६,५०० रुपये होतो. ही बचत सॉकेटने साथ दिली तरच होते. त्यामुळे सॉकेटच्या आयुष्याच्या सुरुवातीला केलेल्या खरेदीत पुढील बदलाची संधी अधिक असते. शेवटी केलेल्या खरेदीत भाग स्वस्त आणि पारखलेले मिळतात, परंतु पुढचा रस्ता बंद झालेला असतो.

== खरेदीची वेळ ==

=== नव्या पिढीची चाहूल ===

नवी पिढी येण्याच्या तोंडावर केलेली खरेदी किती महाग पडू शकते, याचे उदाहरण म्हणून २०१७ हे वर्ष पाहता येते. जानेवारी २०१७ मध्ये इंटेलच्या सातव्या पिढीतील कोअर आय५-७४०० हा चार कोअरचा प्रोसेसर १८२ डॉलरला आला. त्याची घड्याळगती ३.० गिगाहर्ट्झ असून ती ३.५ गिगाहर्ट्झपर्यंत वाढत असे. नऊ महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये आलेला कोअर आय३-८१०० हा खालच्या श्रेणीतील प्रोसेसरही चार कोअरचा, ३.६ गिगाहर्ट्झचा आणि ११७ डॉलरचा होता. वरच्या श्रेणीत चार कोअरच्या कोअर आय७-७७००केची जागा सहा कोअरच्या ८७००केने घेतली. आधीच्या ग्राहकाला मदरबोर्ड न बदलता या नव्या पिढीकडे जाता येत नव्हते.

उत्पादन येण्याआधी त्याची वार्ता पसरली, की ग्राहक चालू मालाची खरेदी लांबणीवर टाकतात. याला ऑस्बोर्न परिणाम म्हणतात. ऑस्बोर्न कॉम्प्युटर ही अमेरिकी कंपनी सप्टेंबर १९८३ मध्ये दिवाळखोरीत गेली. नव्या संगणकांची आगाऊ घोषणा केल्याने जुन्याची विक्री थांबली, असे त्याचे कारण सांगितले जात असे. हे कारण कितपत खरे होते याबद्दल मतभेद असले, तरी हे नाव रूढ झाले आहे.

=== किमतीतील उतार ===

प्रोसेसरच्या किमती मुख्यतः प्रतिस्पर्ध्याच्या आगमनाने उतरतात. नोव्हेंबर २०२० मध्ये रायझन ५ ५६००एक्स या सहा कोअरच्या प्रोसेसरची किंमत २९९ डॉलर होती. जानेवारी २०२२ मध्ये इंटेलने सहा कोअरचा कोअर आय५-१२४०० हा प्रोसेसर १९२ डॉलरला आणला. एप्रिल २०२२ मध्ये एएमडीचा रायझन ५ ५६०० हा जवळपास तितकाच सक्षम प्रोसेसर १९९ डॉलरला आला. मावळत्या पिढीचा माल विक्रेत्यांकडे शिल्लक असतानाचा काळ अनेकदा फायदेशीर असतो. तो माल संपत आल्यावर मात्र उरलेल्या भागांची, विशेषतः जुन्या सॉकेटच्या मदरबोर्डांची, उपलब्धता घटते.

थांबल्याने किंमत उतरतेच असेही नाही. २०२० ते २०२२ या काळात चिपच्या जागतिक तुटवड्यामुळे अनेक भाग मूळ किमतीला मिळणे कठीण झाले होते. २०२५च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा केंद्रांकडून मागणी वाढल्याने रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. अशा वेळी प्रोसेसर स्वस्त झाला तरी संपूर्ण संच महाग होतो.

=== पहिल्या ग्राहकांची जोखीम ===

बाजारात नुकत्याच आलेल्या उत्पादनातील दोष काही काळ वापर झाल्यावरच उघड होतात. पेंटियम प्रोसेसरमधील भागाकाराचा दोष गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांनी १९९४ मध्ये, म्हणजे प्रोसेसर बाजारात येऊन वर्ष उलटून गेल्यावर, उघडकीस आणला. इंटेलने अखेर मागेल त्याला प्रोसेसर बदलून देण्याचे मान्य केले आणि त्यापोटी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च नोंदवला. जानेवारी २०११ मध्ये दुसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरसोबत आलेल्या मदरबोर्डांच्या चिपसेटमध्ये दोष आढळला. त्यामुळे काही साटा जोडण्या कालांतराने कमकुवत होण्याची शक्यता होती. प्रोसेसर निर्दोष असूनही मदरबोर्ड परत घ्यावे लागले.

काही दोष याहून उशिरा कळतात. इंटेलच्या २०२२ व २०२३ मधील तेराव्या व चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये अस्थिरता आढळली. जुलै २०२४ मध्ये कंपनीने प्रोसेसरला गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मिळत असल्याचे कारण दिले. त्यानंतर सुधारित मायक्रोकोड प्रसृत करण्यात आला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. मायक्रोकोड बायोसद्वारे येतो. म्हणून या पिढ्यांचा नवा किंवा जुना प्रोसेसर घेताना मदरबोर्डचे बायोस अद्ययावत असणे महत्त्वाचे आहे. आधीच झालेली हानी मात्र या सुधारणेने भरून निघत नाही.

=== ऑपरेटिंग सिस्टिमचा पाठिंबा ===

प्रोसेसर चालू स्थितीत असूनही त्याचा उपयोगकाळ सॉफ्टवेअरमुळे संपू शकतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने, काही अपवाद वगळता, इंटेलची आठवी पिढी किंवा त्यानंतरचे प्रोसेसर आवश्यक ठरवले. एएमडीच्या पहिल्या रायझन मालिकेलाही या यादीत स्थान मिळाले नाही. विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वर उल्लेखिलेल्या दोन प्रोसेसरपैकी जानेवारी २०१७ मधील आय५ या रेषेच्या अलीकडे आणि ऑक्टोबर २०१७ मधील आय३ पलीकडे राहिला. एएम४ सॉकेटच्या मालकांना केवळ प्रोसेसर बदलून ही रेषा ओलांडता आली. एलजीए ११५१च्या पहिल्या आवृत्तीच्या मालकांना तो मार्ग नव्हता. लिनक्सवर आधारित प्रणालींना असे बंधन नसल्याने जुने संगणक त्यांवर पुढेही वापरता येतात.

== भारतातील बाजार ==

भारतात डेस्कटॉप प्रोसेसर आयात होतात. त्यामुळे डॉलरचा विनिमय दर किरकोळ किमतीवर परिणाम करतो. संगणकाच्या भागांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. कंपन्यांनी जाहीर केलेल्या अमेरिकेतील किमतींत विक्रीकर धरलेला नसतो, म्हणून केवळ डॉलरचे रुपयांत रूपांतर करून केलेली तुलना दिशाभूल करणारी ठरते.

मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग, दिल्लीतील नेहरू प्लेस आणि बंगळूरमधील एस. पी. रोड या सुट्या भागांच्या जुन्या बाजारपेठा आहेत. तेथे सुटे भाग निवडून संगणक जोडून घेण्याची पद्धत रूढ आहे. अशा संगणकाला असेंबल्ड संगणक म्हणतात.

प्रोसेसर मोहोरबंद खोक्यात किंवा सुटा मिळतो. खोक्यातील प्रोसेसरला सर्वसाधारणपणे निर्मात्याची तीन वर्षांची वॉरंटी असते. सुट्या, म्हणजे ट्रे प्रकारच्या, प्रोसेसरची जबाबदारी सहसा विक्रेत्याकडे असते. किमतीतील फरक या जबाबदारीच्या तुलनेत पाहावा लागतो. अनुक्रमांक नोंदवलेले पक्के बिल वॉरंटीसाठी, तसेच वाद उद्भवल्यास ग्राहक आयोगापुढे पुरावा म्हणून उपयोगी पडते.

== थांबण्याची किंमत ==

बाजारात कायमच काही महिन्यांवर नवे उत्पादन असते. त्यामुळे 'पुढची पिढी आल्यावर घेऊ' हा विचार कधीच संपत नाही. थांबण्यालाही किंमत असते. संगणकाअभावी अडलेला अभ्यास किंवा बुडालेले काम प्रोसेसरच्या उतरलेल्या किमतीतून भरून निघत नाही. चार वर्षांच्या अभ्यासक्रमातील विद्यार्थ्याने एक वर्ष थांबल्यास त्या अभ्यासक्रमापुरता संगणकाचा पाव वापरकाळ गमावला जातो.

म्हणून हातातील संगणकावर काम अडले आहे की नाही, ही खरेदीची वेळ ठरवण्याची पहिली कसोटी मानली जाते. काम अडले नसल्यास घोषित तारखेपर्यंत थांबणे, आणि नवा सॉकेट येत असल्यास सुरुवातीचे दोष उघड होण्यास काही महिने देणे हितावह असते. काम अडले असल्यास तारीख जाहीर न झालेल्या उत्पादनाची वाट पाहण्यात अर्थ नसतो. अशा वेळी त्या दिवशी उपलब्ध असलेल्या, कामाला पुरेशा आणि सॉफ्टवेअरचा पाठिंबा बाकी असलेल्या प्रोसेसरची खरेदी ही योग्य वेळी केलेली खरेदी ठरते.

== हे सुद्धा पहा ==

* मदरबोर्ड
* मूरचा नियम
* ॲमडालचा नियम
* ऑस्बोर्न परिणाम